पत्नीचा व्यवसाय

“पान तीन. पत्नीचा व्यवसाय. इथं काहीच लिहिलेलं नाही,” निवडणूक अधिकारी म्हणाला आणि त्यानं प्रतिज्ञापत्र सगळ्यांना दिसेल असं उभं धरलं.

आमदारसाहेबांच्या पत्नीनं पुढं वाकून पाहिलं. अक्षर तिचंच होतं. आमदारसाहेबांचे सहाच्या सहा उमेदवारी अर्ज तिनंच भरले होते, कारण साहेबांचं अक्षर साहेबांनाही लागत नसे. अकरा पानं, शंभरावर रकाने, आणि कोरा राहिला तो नेमका हा.

विरोधी उमेदवाराचा वकील खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. “नियम आहे,” एवढंच म्हणाला. रकाना कोरा, तर अर्ज बाद.

मागच्या बाकावरून भोंग्या कुजबुजला. प्रचाराच्या गाडीवरून घोषणा देण्याचं काम त्याचं, त्यामुळे त्याची कुजबूजही दारापर्यंत पोचायची. “पंचवीस वर्षांचं राजकारण, आणि वहिनींनी एका शब्दापायी बुडवलं बघा!”

तिला सगळं लख्ख आठवत होतं. गेल्या मंगळवारी जेवणाच्या टेबलावर ती या रकान्यापाशी आली होती. दर वेळी तिथं ‘गृहिणी’ लिहायचं आणि पुढं जायचं, एवढंच काम. तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी सासऱ्यांना इस्पितळात खाट मिळत नव्हती. तिनं चार ठिकाणी फोन फिरवले, पाचव्या ठिकाणी जरा आवाज चढवला, खाट मिळाली. मग हुश्श करून बसली ती थेट पुढच्या पानावर.

साहेब पाचदा उभे राहिले, चारदा निवडून आले. आवाज असा, की ते सभागृहात उठले की डुलक्या घेणारेही सावरून बसत. प्रश्न ती लिहून द्यायची. ते असे काही विचारायचे, की हे ह्यांनाच सुचलं असावं असं तिलाही वाटायचं. एकदा आपटले, तेव्हा महिनाभर त्यांनी दाढी केली नाही, की जिना उतरले नाहीत. लोक मात्र सकाळी आठला दारात हजर. कुणाची पाण्याची लाईन, कुणाची पेन्शन, कुणाची बदली. महिनाभरात एकानंही विचारलं नाही, साहेब कुठे आहेत म्हणून. मागच्या वर्षी पक्षाच्या बैठकीत ते म्हणाले होते, “पुढच्या वेळी हिला उभी करा.” सगळे इतके हसले, की शेवटी तेही हसले.

आणि आता हे. तिच्या हातून.

“आमदारसाहेबांचा अर्ज फेटाळण्यात येत आहे,” अधिकारी म्हणाला.

खोलीत एकच गलका झाला. साहेब रुमालानं चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता.

अधिकाऱ्यानं पुढचा अर्ज ओढला. तो तिचा होता. दर निवडणुकीत तिचाही एक अर्ज असे. साहेबांचा काही कारणानं बाद झालाच तर पक्षाची जागा जाऊ नये म्हणून पक्षाच्या पत्रात पर्यायी उमेदवार म्हणून तिचं नाव घालत. साहेबांचा मंजूर झाला की तिचा आपोआप रद्द. पाच वेळा तसा झाला होता. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. निदान ती तसं सांगायची.

“सर्व रकाने भरलेले. पतीचा व्यवसाय, आमदार. अर्ज मंजूर. पक्षाचं चिन्ह यांना मिळेल.”

“वहिनी उभ्या?” भोंग्या आता कुजबुजायचंही विसरला. “मग भाषणं कोण ठोकणार?”

ती उठली. “थांबा जरा. चूक माझी आहे. एका शब्दाचं तर काम आहे, मी आत्ता लिहून देते. माझ्या चुकीसाठी ह्यांची एवढ्या वर्षांची मेहनत मातीत घालू नका.”

“बाई, चूक दुरुस्त करायलाच तर नोटीस दिली होती,” अधिकारी म्हणाला.

“कुणाला?”

“साहेबांना. परवाच. कुठला रकाना कोरा आहे ते लिहून. आज अकराच्या आत नवं प्रतिज्ञापत्र दिलं असतं, तर काही अडचण नव्हती.” त्यानं फाईलमधून पोच काढून पुढं केली.

खाली सही होती. ती सही कुणाला वाचता आली नसती. तिला आली.

वऱ्हांड्यात माणसं फोनवर ओरडत होती. तिनं साहेबांना कोपऱ्यातल्या खिडकीपाशी गाठलं.

“अहो, परवापासून कागद तुमच्याजवळ होता?”

“होता.”

“आणि मला सांगितलं नाही? आत सगळ्यांदेखत माझा जीव जायची पाळी आली. अहो, एक शब्द! गृहिणी! तेवढंही लिहिता येईना तुम्हाला?”

“बसलो होतो गं लिहायला, दोनदा. हात धजेना.” साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात म्हणाले, “आणि खरं लिहायचं, तर वरच्या ओळीतला माझा व्यवसाय खोडावा लागला असता.”