धाप

हार्डवेअरवाल्याने खिळे तोलायचं वजन उचललं आणि चोराच्या कानावर हाणलं. कान फाटला, रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. माणूस कोलमडला, पण गल्ल्यावरून उचललेला मोबाईल काही सोडला नाही. गिऱ्हाइकांना ढकलत पळत सुटला. "चोर! चोर!" झालं आणि अख्खा बाजार कामं टाकून त्याच्या मागे लागला. सलूनवाल्याने अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडलं. वस्तरा मात्र ठेवून यायला विसरला.

शिंपीही नाकावरचा चष्मा सावरत उठला. मशीनवर बसून बसून त्याचं पोट असं सुटलं होतं की बाजार त्याला लोड म्हणायचा. मागच्या चोराच्या वेळी तो धापा टाकत पोचला, तोवर चांगल्या चांगल्या जागा लोकांनी धरल्या होत्या. त्याच्या वाट्याला पाय आले. त्याने आपली एक लाथ घातली, हजेरी लागल्याचं समाधान मानलं आणि घरी जेवायला गेला. तो माणूस दवाखान्याच्या वाटेवरच गेला म्हणे.

पण हल्ली शिंपी रोज सकाळी बायकोबरोबर पळायला जात होता. शिकवणी तिचीच. "सुरुवातीलाच उधळू नका. माझ्या भावाला शिव्या देता देता पळता आलं पाहिजे. शिवी मध्येच तुटली, की समजायचं वेग जास्त झाला." मेव्हण्याच्या बाबतीत त्याच्याकडे साठा भरपूर होता, त्यामुळे दमही चांगलाच वाढला होता.

बाजाराला असं कोणी शिकवलेलं नव्हतं. सगळे उधळले. दंड फुगवून सर्वांत पुढे निघालेला जिमवाला पहिल्याच वळणावर खांबाला धरून उभा राहिला. सलूनवाला पुढच्या चौकात कमरेतून वाकला. तिथेच कोणीतरी भिरकावलेली वीट चोराच्या खांद्यावर बसली, तो तोंडावर आपटला, मोबाईल हातातून सुटला, आणि तो तसाच उठून पळाला. हार्डवेअरवाल्याने तो उचलला, सदऱ्याला पुसला, काच शाबूत असल्याची खात्री केली, खिशात घातला आणि पुन्हा ओरडला, "सोडू नका साल्याला!" हिशेब खरं तर तिथेच मिटला होता. शिंपी बारीक पावलांनी, पोट सांभाळत, एकेकाला मागे टाकत गेला. शेवटी त्याच्यापुढे एकच पाठ उरली, चोराची.

गोदामांच्या मागच्या गल्लीत त्याने त्याला गाठलं. खांद्यावर हात टाकला, तर हाताखाली हाड हललं. माणूस किंचाळला आणि भिंतीला टेकला. शिंप्याने मूठ उगारली. उगारली खरी, पण ती खाली येईना. मागच्या वेळी त्याच्या वाट्याला नुसते पाय आले होते. याला तोंड होतं. ओठ फुटलेला, दातांत रक्त, एक डोळा मिटत चाललेला आणि दुसरा थेट त्याच्याकडे.

"मारायचं तर मारून टाका काका. लवकर. ते आले की तुकडे करतील."

गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा आला. वेल्डर प्रत्येक शटरवर लोखंडी गज आपटत येत होता.

"पळ," शिंपी म्हणाला.

"दम नाही उरला."

"दम असतो. तुला खर्च करता येत नाही." त्याने त्याला धडक्या बाजूने काखेत धरून ओढलं. "ढांगा टाकू नकोस. पावलं बारीक. खांदे सैल सोड. बरं, एकच सोड. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"शिव्या दे. मेव्हणा आहे का तुला?"

"तुम्ही वेडे आहात का हो?"

"चालेल. हेच म्हणत राहा."

दोघं पळाले. मागून बघणाऱ्यांना वाटलं, टेलरने चोर धरलाच. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे सिमेंटच्या गोण्या भरलेला एक टेम्पो वळणावर हळू झाला होता. शिंप्याने त्याला एका गोणीसारखंच मागून वर ढकललं. टेम्पोने वेग घेतला. सगळ्यात शेवटी दिसले ते त्याचे पाय.

मग बाजार आला. जिमवाला आला, वस्तऱ्यासकट सलूनवाला आला, गज घेऊन वेल्डर आला, वजन घेऊन हार्डवेअरवाला आला. शिंप्याभोवती कडं झालं. सगळे भात्यासारखे फुसफुसत होते. हात मात्र वर होते, आणि इतक्या लांब आणलेले हात रिकामे परत न्यायचं कोणाच्याच मनात नव्हतं.

"कुठे... कुठे गेला?" हार्डवेअरवाल्याने विचारलं.

"निसटला, शेठ. धरला होता मी, पण अंगावर आला, मला ढकललं आणि चालत्या टेम्पोवर चढला. फार ताकद होती हो त्याच्यात."

सगळं एका दमात. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

हार्डवेअरवाला त्याच्याकडे बघत राहिला. "टेलर... आम्ही मरायला... टेकलोय. तुला धाप... कशी नाही लागली?"

शिंप्याने घाईघाईने गुडघ्यांवर हात ठेवले आणि तोंड उघडून दोन-चार धापा टाकल्या. वाईट टाकल्या. वेल्डर त्याच्या बाहीकडे बघत होता. बाहीवर रक्ताची बोटं उमटली होती, आधाराला धरल्यासारखी.

कडं एक पाऊल आत सरकलं.

त्या क्षणी तो पळाला असता, तर त्यांच्यातला एकही त्याला गाठू शकला नसता. हे त्याला कळत होतं, आणि त्यांनाही. पण त्याचं दुकान त्याच बाजारात होतं, आणि घर दुकानाच्या वर.

शिंप्याने चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि खिशात नीट ठेवला.