माहेरचं माणूस

नातवाच्या कानात नसलेल्या माणसांचे आवाज यायला लागले, तेव्हापासून सरूबाई सुनेला उठताबसता ऐकवायची, "तुझ्या माहेरचं रक्त हाय हे." सून खाली मान घालून ऐकून घ्यायची.

दौंडच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाला धरला. "यात काही दिसत नाही. पण हा आजार पिढीतून पिढीत उतरू शकतो. घरात आधी कुणाला होता?"

"माझ्या चुलत्यांना," सून म्हणाली. "कवठ्याला गोठ्यात बांधून ठेवायचे त्यांना."

"आणि आजी, तुमच्या माहेरी?"

सरूबाईनं पदर तोंडाला लावला. माहेरचं माणूस जवळ असावं म्हणून भावाची लेक हट्टानं सून करून आणली होती तिनं.

"त्योच," ती म्हणाली. "माझ्या पाठचा भाऊ. गोठ्यात भाकर मीच नेत व्हते."