पंधरावा रकाना

टेकडीच्या कच्च्या वाटांवर चालवायची मोटरसायकल निवडायला प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाने सहा महिने खपून चौदा गाड्यांचा तक्ता केला होता. वजन, सीटची उंची, पेट्रोल, दुरुस्ती, सगळ्याला दहापैकी गुण. जुनीच गाडी घेऊन केव्हाच टेकड्या पालथ्या घालू लागलेली त्याची ताई शेवटी वैतागली.

"अरे, गाडी घेतोयस की तिच्यावर प्रबंध लिहितोयस? या रविवारी आलास तर आलास, नाहीतर मी पुन्हा बोलावणार नाही!"

शनिवारी तो हट्टाने बेरजेला बसला. जिची बेरीज जास्त ती निवड पक्की, मग माघार नाही. पण प्रयोग म्हटला की तुलनेला एक साधा नमुना हवाच, म्हणून त्याने शेवटी गाडीविना पायी जाण्याचाही रकाना जोडला. वजन शून्य, पेट्रोल शून्य, दुरुस्ती शून्य, आणि पाय तर कायम जमिनीला टेकलेले, म्हणजे सगळीकडे दहापैकी दहा. चौदाही गाड्या मागे पडल्या.

 

रविवारी तो धापा टाकत टेकडीवर पोहोचला, तेव्हा तासभर आधीच येऊन गाडीला टेकून बसलेल्या ताईने पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "काय रे, मायलेज किती पडलं?"