गळ्यातली माळ

"पिताना माळ काढून खुंटीला अडकवतो, मॅडम. देवाचा अपमान न्हाई करत," ग्यानोबा म्हणाला. "लई शहाणा! देव खुंटीवर, दारू पोटात," शेजारी बसलेली माय फणकारली. लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक आरती मॅडमनी आजवर यकृताची चित्रं दाखवली होती; उपयोग झाला नव्हता. त्यांनी विचारलं, "माळ घातली कुणी?" "मायनं." "मग काढेलही तीच. प्यावंसं वाटलं की तिच्याकडं जायचं. आणि मावशी, तुम्ही नाही म्हणायचं नाही." "त्यात काय!" ग्यानोबा हसला. मायनं ओठ घट्ट मिटून मान डोलावली. संध्याकाळी चाकूरला घरी तो चुलीपुढं येऊन म्हणाला, "काढ." माय पिठाचे हात पदराला पुसत उठली. तिनं माळेसाठी हात वर केले. "मान वाकव की. माझा हात पुरंना." ग्यानोबाची मान काही वाकेना. "भाकर वाढ," तो म्हणाला.