ओट्याची उंची

तिसऱ्या कंपनीनंही तीच चूक केली, तेव्हा शैलजाबाईंचा पारा चढला. नव्या फ्लॅटच्या सजावटीसाठी त्यांनी तीन ऑनलाइन कंपन्यांकडून आराखडे मागवले होते. रंग निराळे, पडदे निराळे. पण स्वयंपाकाचा ओटा मात्र तिन्ही कंपन्यांनी पार त्यांच्या छातीला लागेल इतका उंच दाखवला होता.

"माझी उंची कळवली होती ना? मग या ओट्यावर मी पोळ्या लाटणार कशा? स्टुलावर उभी राहून?" त्यांनी स्क्रीनवरच्या यांत्रिक मदतनिसाला फैलावर घेतलं.

"चूक नाही, मॅडम," गोड आवाजात उत्तर आलं. "आम्ही पुढच्या पंधरा वर्षांचा विचार करून घर सजवतो. तुमच्या दोघांच्या मनगटी पट्ट्यांवरची तब्येतीची माहिती वाचायला तुम्हीच परवानगी दिलीत. त्यावरून, जी व्यक्ती तो ओटा जास्त वर्षं वापरणार, तिच्या मापानं तो आखलाय."

शैलजाबाईंनी मान वळवून आत पाहिलं. घरात माणसं दोनच.

नव्या फ्लॅटच्या रिकाम्या स्वयंपाकघरात कंपनीच्या प्रोजेक्टरनं प्रकाशानं आखलेला तो ओटा उमटला होता. त्यांचे सहाफुटी यजमान दिगंबरराव कौतुकानं त्याच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"अगं शैला, मला तर हा अगदी बरोबर येतोय!" ते आतून हसत ओरडले. "पण मला काय त्याचा उपयोग? मला साधा चहासुद्धा करता येत नाही."