एकाच मुशीतलं कासं

मच्छिंद्राच्या तासाच्या पाठीवर धोंडजीनं लिंबाएवढा मेणाचा गोळा दाबला आणि अंगठ्यानं सपाट पसरला. समोरून काही दिसत नव्हतं. हातभर रुंद, बोटभर जाड काशाची गोल थाळी, उन्हात पिवळीधमक. शेजारी त्याच तुळईला धोंडजीचा स्वतःचा तास टांगलेला होता. तेवढाच रुंद, तेवढाच जाड.

वाड्याच्या चौकात दुसरं कुणी नव्हतं. सर्जेरावांच्या बुधवार पेठेतल्या या वाड्याला वेळेचे ठोके द्यायला नवा तास हवा होता आणि दोन्हींतला एक आज निवडायचा होता. निवडलेला तास घटकेघटकेला वाजणार, अष्टौप्रहरांत साठ वेळा, आणि तो थेट तांबट आळीपर्यंत ऐकू जाणार. मच्छिंद्राचा लागला तर जेवताना, निजताना, देवाला हात जोडताना धोंडजीला तोच ऐकावा लागणार होता. जन्मभर.

मच्छिंद्र त्याचा गुरुबंधू, दहा वर्षांनी धाकटा. भिंतीला भिंत लावून त्यानं दुकान मांडलं होतं. हल्ली गिऱ्हाईक धोंडजीच्या उंबऱ्यावर उभं राहून मच्छिंद्राचं दुकान कुठलं म्हणून विचारी, आणि धोंडजी हातोडीनंच बाजूची दिशा दाखवी.

थोड्या वेळानं सर्जेराव आले, मागून मच्छिंद्र. घटका मोजणारे अनंतभटही आले आणि पाण्याच्या घंगाळापाशी बसले. पाण्यात त्यांची तांब्याची वाटी तरंगत होती. बुडाच्या बारीक भोकातून पाणी चढून ती बुडाली की एक घटका झाली. ती बुडेपर्यंत थांबायचं होतं आणि भटजींना बोलायची हौस. फारसीत तास म्हणजे मुळात वाटीच, असं त्यांचं म्हणणं होतं. वाटी बुडाल्यावर जी थाळी ठोकायची, तिलाही लोक तास म्हणू लागले आणि पुढे वेळेलाही.

"बुडते बिचारी वाटी," ते म्हणाले, "आणि नाव होतं थाळीचं."

कासं कसं ओतायचं ते मच्छिंद्राला धोंडजीनंच शिकवलं होतं. भटजी आपल्याबद्दलच बोलले असं धोंडजीला वाटलं.

वाटी बुडाली. भटजींनी मोगरी उचलली आणि पहिला ठोका मच्छिंद्राच्या तासावर दिला. आवाज फुटला आणि जागच्या जागी मेला.

"परात बरी केली आहे," सर्जेराव म्हणाले. "भाकऱ्या थापायला."

मच्छिंद्राचा चेहरा उतरला. धोंडजीनं जमिनीकडे पाहिलं. हसू आवरायला त्याला तेवढंच सुचलं.

मग त्याच्या तासावर ठोका पडला. स्वच्छ, भरदार, कुठं खोट नाही. धोंडजी डोळे मिटून पुढच्याची वाट पाहत राहिला. दुकानात ठोका दिला की आवाज ओसरता ओसरता मागून पुन्हा भरून यायचा आणि लांबवर जात राहायचा. त्या लांबणीवर त्याचा जीव होता. आज ती आलीच नाही. आवाज आला तसा गेला.

भटजींनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच.

"धोंडजी, काल मी तुमच्या आळीतून गेलो," ते म्हणाले. "तुम्ही हाच तास वाजवत होता ना? माझी दहा पावलं झाली तरी आवाज संपला नव्हता. तो कुठं ठेवून आलात?"

धोंडजीनं मच्छिंद्राच्या तासाकडे पाहिलं. तो आवाज कुठं होता, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. सर्जेरावांनी दिलेलं कासं एकाच मुशीत वितळवून दोघांनी निम्मं निम्मं ओतून घेतलं होतं, गुरूंच्या एकाच मापानं. सारख्या सुराचं एक भांडं वाजलं की जवळचं दुसरं न ठोकता गुणगुणतं, हेही गुरूंनीच दोघांना शिकवलं होतं. दोन दुकानांमधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. आणि भिंतीपलीकडे महिनाभर मच्छिंद्राचा तास टांगलेला होता. ती लांबणी त्याची होती.

"राहू द्या," सर्जेराव उठत म्हणाले. "नाशकाहून मागवू."

"सरकार, थांबावं," धोंडजी म्हणाला. "याची दोरी पिळली आहे. तेवढी सोडवतो."

तो मच्छिंद्राच्या तासामागे गेला. मेण गार होऊन घट्ट बसलं होतं. त्यानं ते नखांनी खरवडलं, मुठीत घेतलं आणि बाहेर आला. मच्छिंद्र दोरीकडे पाहत होता. दोरीला कुठंही पीळ नव्हता. मग त्यानं धोंडजीच्या हाताकडे पाहिलं.

"दादा," तो हलकेच म्हणाला, "नखात मेण राहिलंय."

धोंडजीनं हात धोतराला पुसला. "आता ठोका, भटजी," तो म्हणाला. "माझ्याच तासावर."

ठोका पडला. आवाज उठला, ओसरू लागला आणि शेजारून, कुणी हात न लावता, पुन्हा भरून आला. वळचणीची कबुतरं उडाली. सर्जेराव उठले होते ते तसेच उभे राहिले.

"दोन्ही राहू देत," ते म्हणाले. "इथंच, असेच शेजारी शेजारी."

मच्छिंद्रानं धोंडजीच्या पायांना हात लावला. धोंडजीचं तिकडे लक्ष नव्हतं. मूठ तशीच आवळून, मान तिरकी करून तो ऐकत होता, दोघांतला आधी कोणता थांबतो ते.