अर्धशिशीचा निरोप

घोडेगावच्या बसचा ड्रायव्हर कापडाच्या दुकानात डोकावला आणि म्हणाला, "श्रीमंत, तुझ्या आईचं डोकं उठलंय."

श्रीमंतनं हातातलं लुगडं तसंच टाकलं, मालकाची बोलणी खाल्ली आणि नगरहून सुटणारी पहिली बस गाठली. एरवी सणासुदीला बोलावलं तरी या पठ्ठ्याला सवड नसे. पण आईची अर्धशिशी म्हटली की तो धावत सुटायचा. बनुबाईला त्याच्यावाचून होतं तरी कोण?

दार लोटून ती अंधारात पडली होती. कपाळाला फडकं आवळलेलं. उजेडाची तिरीप आली तरी कण्हायची. श्रीमंतनं सुंठ उगाळून लेप लावला, चहा केला, उशाशी बसून डोकं चेपलं. सांजेला उतार पडला.

"आजची रात ऱ्हा की," ती म्हणाली. तो राहिला.

या दुखण्याला काही ना काही निमित्त लागतं, असं डॉक्टरांनी मागच्या साली सांगितलं होतं. ऊन, उपास, जागरण. झालं, श्रीमंत हात धुऊन त्या निमित्तांच्या मागे लागला. दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडणं त्यानं तिला बंद करायला लावलं. तिथं बायकांच्या घोळक्यात तिचा दिवस बरा जायचा, पण इलाज नव्हता. एकादशीचा उपास सोडवला, रात्रीचं भजन सोडवलं. शुक्रवारच्या बाजारात गुरांची धूळ उडते, म्हणून बाजारही नको. बनुबाई कशालाच नाही म्हणाली नाही.

तरी डोकं उठायचंच. "उग्र वासानंही होतं," डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याला कोनाड्यातली बाटली आठवली. चमेलीचं तेल, वडील लावायचे ते. वडील गेल्यापासून बनुबाईनं वासाचं तेल केसाला लावलं नव्हतं, पण अधूनमधून ती बाटली उघडून नुसती हुंगत बसायची. श्रीमंतनं बाटली उकिरड्यावर फेकली.

"तुझ्या बापाची हुती रं," एवढंच ती म्हणाली.

आणि गुण आला! दिवाळी गेली, संक्रांत गेली, निरोप नाही. श्रीमंत निर्धास्त झाला. गावी जायचं कारणच उरलं नाही.

शिमग्याला मात्र पुन्हा निरोप आला. मग दर महिन्याला येऊ लागला. आजचाही त्यातलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यानं विचारलं, "उन्हात गेल्तीस?"

"न्हाई."

"उपाशी हुतीस? जागलीस?"

"कुनासाठी जागू? कुठं जाती मी आता?"

"मंग झालं तरी कशानं?"

"आसंल कायतरी," असं म्हणून तिनं त्याचा हात ओढून पुन्हा आपल्या कपाळावर ठेवला.

बसच्या थांब्यावर शेजारची झुंबरबाई भेटली. बाजार करून परत निघाली होती.

"बरं झालं गावलास. ही तुझ्या आईला द्यायची हुती, तुलाच दावते. मागची सरली म्हनं." तिनं पिशवीतून बाटली काढून त्याच्या हातात दिली.

श्रीमंतनं बूच काढलं. चमेली.

"हे कशाला लागतं तिला?"

"म्या बी इचारलं," झुंबरबाई म्हणाली. "तर हसून म्हनली, श्रीमंतला बोलवायचं असलं की लागतं."